आधी वीज, मग कॉक, मग बादली

उमरगा,
सोमवार

चि. छकुलीस,


काल फोनवर तू हसत सांगितलंस, "मावशी, अख्खी रात्र जागले, पण एक थेंब वाया जाऊ दिला नाही." मी तेव्हा काही बोलले नाही. फोन ठेवला आणि देवासमोर जाऊन बसले. रात्रभर डोळ्यांपुढे तुझी न्हाणीच होती. गिझरवरचा पाइप चिरलेला, पाणी भिंतीवरून ओघळत थेट स्विचबोर्डाकडे चाललेलं, दिवा लुकलुकतोय, आणि तू ओल्या फरशीवर अनवाणी. बादली भरली की घंगाळ, घंगाळ भरलं की परात. पहाटे पाचपर्यंत! शेजारी का नाही उठवले, तर म्हणे एवढ्या रात्री कोणाला त्रास द्यायचा.

लेकरा, त्या पाण्याने बोर्ड गाठला असता तर आम्हाला केवढा त्रास झाला असता, ते मला विचार.

रागावले आहे खरी, पण चूक तुझ्या एकटीची नाही. पाणी जपायचं हे आम्हीच तुझ्या अंगात भिनवलं. आठ-आठ दिवसांनी नळ सुटायचा, तेव्हा तू दप्तर टाकून आधी कळशी उचलायचीस. 2016 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. टीव्हीवर ते बघताना आजीने डोळ्यांना पदर लावला होता. असल्या मुलखात वाढलेली पोर वाहतं पाणी दिसलं की आधी भांडंच शोधणार.

पण पाण्याच्या या भुकेने आपली नजर एकीकडे झुकली आहे. किती पाणी गेलं ते आपल्याला चटकन दिसतं, ते कुठे चाललंय ते दिसत नाही. तोटी ठिबकते तेव्हा आपला जीव तुटतो. तुटू दे, पण त्यासाठी रात्री बाराला कोणाला उठवायचं कारण नाही. खाली बादली ठेवावी, सकाळी वायसर बदलावा. मोरी हळू निचरते, फ्लश नीट चालत नाही, नळाला धार बारीक आहे, यालाही सकाळ होऊ द्यावी. पण करंगळीएवढी धार बोर्डाकडे किंवा मोटारीकडे चालली असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. धारेच्या जाडीवर जाऊ नकोस, ती कुठल्या वाटेने चाललीय ते बघ. हे एवढं एक लक्षात ठेवलंस तरी मला पुरे.

अशा वेळी आधी वीज, मग कॉक, मग बादली. मेन स्विच कोरड्या जागी असेल तर पायात चप्पल घालून कोरड्या हाताने पाड. तिथवर साचलेल्या पाण्यातून जावं लागत असेल तर जाऊच नकोस. बाहेर हो आणि महावितरणच्या 1912 ला फोन लाव. कोणाच्या जिवावर बेतलं तर 112. नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर तो भास समजून अंघोळ उरकू नये, पाण्यात वीज उतरलेली असू शकते. गिझर किटलीसारखा खदखदत असेल किंवा त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफ येत राहत असेल, तरी आधी वीजच बंद.

आता कॉक. तुझ्या काकांची पान्यांची पेटी माळ्यावर आहे तशीच आहे, मला ती हलवत नाही. ते कुठेही नळाच्या कामाला गेले की आधी मुख्य कॉक कुठे आहे ते विचारायचे, आणि बहुतेक घरांत कोणाला सांगता यायचं नाही. आपल्याकडे तर रस्त्याकडून येणारं पाणी बंद करून भागत नाही. गच्चीवरची टाकी भरलेली असते, ती रिकामी होईस्तोवर फुटका पाइप वाहतच राहतो. टाकीच्या खालचा कॉक माहीत हवा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक ऐन वेळी जाम होतो, आणि पान्याने जोर लावला की दांडा तुटून हातात येतो. म्हणून दर अमावास्येला तो एकदा बंद-चालू करायचा. तू भाड्याच्या घरात आहेस, घरमालकांना विचारायला संकोच करू नकोस.

नळदुर्गचा पाणीमहाल आठवतो ना? माझा पदर सोडला नव्हतास. बोरी नदी अडवणारी ती भिंत, तिच्या पोटात इब्राहिम आदिलशहा दुसऱ्याच्या काळातली दालनं. बाहेर नर-मादी धबधबे धो धो कोसळत असतात आणि आत माणूस निवांत उभा राहतो. ज्यांनी एवढं पाणी अडवलं, त्यांनी जादा पाण्याची वाटही ठरवून ठेवली. आपल्या घरात पाइप कुठून कुठे गेलाय, हे बांधणाऱ्यालाही पुढे आठवत नाही.

आणि आपल्या लोहाऱ्याच्या मातीच्या वाड्याचं बाबांना सांग. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाची पहाट, 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशीच गणपती बोळवलेले. आपल्या भागात दगडमातीच्या भिंती आणि माळवदांखाली माणसं गाडली गेली. तेव्हापासून भिंतीला भेग दिसली की आपण त्याच दिवशी गवंडी बोलावतो. ओल दिसली की मात्र चुना फासतो. मातीच्या भिंतीत पाइप फुटला तर माती भिजून भिंत फुगते, आणि वर माळवदाचं ओझं असतंच. फुगवटा आला, माती झरू लागली, तुळई करकरली, की आजीला हाताला धरून बाहेर काढायचं. ट्रंका-बिंका मागाहून.

घाणीचंही सांगून टाकते. एकच मोरी तुंबली तर ती मोरी साफ करावी. संडास, न्हाणी, मोरी सगळीकडून घाण उलटी येऊ लागली, तर बाहेरचं चेंबर तुंबलंय. घरातलं पाणी वापरणं थांबव आणि माणूस बोलाव. शोषखड्ड्यात किंवा सेप्टिक टाकीत मात्र कोणालाही उतरवू नकोस, कितीही तयार असला तरी. आतल्या वायूने माणूस बघता बघता पडतो, त्याला काढायला गेलेलाही पडतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला असं उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. आठ दिवसांनी आलेल्या नळाला गटाराचा वास आला तर तेही तातडीचंच. रिकाम्या पडलेल्या फुटक्या पाइपात बाहेरची घाण ओढली जाते. ते पाणी हौदात घेऊ नकोस, गल्लीत सगळ्यांना सांग, नगरपालिकेला कळव.

किती लिहिलं बघ. सांगायचं होतं एवढंच, की हे पत्र घडी करून ठेवण्याआधी मेन स्विच बघ, गच्चीवर जा, कॉक शोध आणि फिरवून बघ. पुन्हा असं झालं तर शेजारच्या काकूंचं दार वाजव, मला रात्री दोनला उठव. कॉक फिरला की फोन कर. मी वाट बघते आहे.

तुझी,
मावशी