दाढेखालचा जोर

तोंडात सुपारी फोडणारा माणूस ती पुढच्या दातांत धरत नाही. जिभेने सरकवत शेवटच्या दाढेपर्यंत नेतो. बिजागरीजवळच्या फटीत सापडलेलं बोट जास्त चेंगरतं, तसंच हे. जबड्याची बिजागरी कानाच्या पुढ्यात. तिथून खालच्या पुढच्या दातांपर्यंत साधारण 10 सेंटिमीटर, हे बॉनविल या अमेरिकी दंतवैद्याने एकोणिसाव्या शतकातच मांडलं. दाढ साधारण निम्म्या वाटेवर.

म्हणजे स्नायू तेच, आणि दाढेखाली 60 किलोंचा जोर असेल तर पुढे हिशेबाने 30 यायला हवा. येतो बराच कमी. तरफेचं गणित चुकत नाही, स्नायूच हात आखडता घेतात. दाताचं मूळ हाडाला चिकटलेलं नसतं. मध्ये पाव मिलिमीटरहूनही पातळ तंतूंचा थर असतो आणि त्यातल्या नसा ‘पुरे’ म्हणतात. भातातला खडा कळतो तो यांच्यामुळेच.

दाताच्या जागी थेट हाडात बसवलेल्या इम्प्लांटला हा थरच नाही. ब्रोनेमार्क या स्वीडिश संशोधकाने 1965 साली पहिल्या रुग्णाला बसवलेला टायटॅनियमचा इम्प्लांट हाडाशी एकजीव झाला, हेच त्याचं यश आणि हीच आमची डोकेदुखी. म्हणून त्यावर कॅप बसवल्यावर माझा, दंतवैद्याचा, खरा वेळ चाव्याचा ठसा उमटवणाऱ्या निळ्या कागदावर जातो. ‘टकटक चावा. आता दात घासा, उजवीकडे.’ नवशिके गडद ठिपक्यावर बर फिरवतात. मी मध्ये पांढरं राहिलेलं निळं कडं शोधतो. जोर इतका की शाईच बाजूला सरलेली. खळग्यातला ठिपका राहू देतो, उतारावरची रेघ मात्र घासून काढतो. सरळ खाली येणारा भार इम्प्लांट मुकाट्याने पेलतो. तोच आडवा आला की कॅपच्या उंचीचीच तरफ होते आणि हाडाच्या काठाशी सगळा पीळ बसतो. इम्प्लांटचा स्क्रू सैल होतो तो बहुधा असल्या आडव्या जोरानेच. कॅप किती महागाची, याला तिथे काही किंमत नाही.

शेवटी दातांमध्ये धरायची 8 मायक्रॉनची चंदेरी पट्टी. हलकं चावलं तर ती इम्प्लांटवरून अलगद सुटावी, करकचून चावलं तरच अडकावी. कारण जोर आला की शेजारचे दात किंचित दबतात, हा दबत नाही. ‘डॉक्टर, हा जरा खालीच राहिला,’ अशी तक्रार येते. राहू दे, म्हणतो. आणि वर्षाने पुन्हा बोलावतो. शेजारचे दात तोवर झिजतात, सरकतात. हा जागचा हलत नाही.