तिसरा रकाना

गेल्या शनिवारी साताऱ्याला गेलो होतो. आजोबांचा वाडा पाडायला घेतलाय. बाबांनी आधीच सांगून टाकलं होतं, "मी काही बघायला येणार नाही."

माझी चुलतबहीण, म्हणजे ताई, आर्किटेक्चर शिकवते. तिने पाडकामवाल्याकडून दोन दिवस मागून घेतले आणि अकरा विद्यार्थी घेऊन आली. माझं काम काय, तर एक्सेल भरायचं. इंजिनिअर झाल्याचा घरच्यांना एवढाच उपयोग!

रकाने तीनच. काय आहे, किती आहे, कसं जोडलंय. ताई पोरांना म्हणाली, "पहिले दोन कुणीही भरेल. खरी किंमत तिसऱ्यात आहे."

दुपारपर्यंत ते पटलं. सागवानी तुळया खाचेत बसवलेल्या, त्यामुळे अख्ख्या निघाल्या. विटा चुन्यात बांधलेल्या. चुना विटेपेक्षा मऊ, थोडं ठोकलं की वीट साफ सुटते. मागच्या बाजूची मोरी मात्र सिमेंटची. तिथे सांधा सुटायच्या आधी वीटच फुटत होती. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला लूज कपलिंग म्हणतो, आणि स्वतःच शोधल्यासारखं मिरवतो.

काँक्रीटचं काय, मी विचारलं. ते भरडून खडी करता येते, पण ती सळईच्या काँक्रीटमध्ये, तेही एम-२५ पर्यंतच्याच, जास्तीत जास्त २० टक्के चालते. आय.एस. ३८३ मध्ये २०१६ पासून तशी तरतूद आहे. म्हणजे तुळईची पुन्हा तुळई होते, स्लॅबचा पुन्हा स्लॅब होत नाही. राडारोड्याचे नवे नियमही २०२५ मध्ये आलेत, पण नियमाने सांधा सुटत नाही. तो बांधतानाच तसा ठेवावा लागतो.

मग ताईने गृहपाठ दिला: हाच तक्ता स्वतःच्या फ्लॅटचा भरा. मी मनातल्या मनात भरला. चिकटवलेलं, चिकटवलेलं, भिंतीत गाडलेलं... गेल्या वर्षी रंग आवडला नाही म्हणून बाथरूमच्या कोऱ्या टाइल्स फोडल्या, त्या मीच. गप्प बसलो.

संध्याकाळी बाबा आलेच. बराच वेळ दारात उभे होते. मग माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणाले, "झोपाळ्याच्या कड्या राहिल्या."

एका मुलीने वर बघून लिहायला सांगितलं: कड्या, ४, तुळईतून आरपार, वरून चावी मारलेली.

"चावी काढली की निघतात," बाबा म्हणाले, आणि शिडी मागितली.

कड्या आता माझ्याकडे आहेत. फ्लॅटमध्ये कुठे लावायच्या, ते अजून सुचलेलं नाही. स्लॅबला भोक पाडायचं नाही, एवढं नक्की.