नटीचें माहेर

गेलीं तीस वर्षें आम्ही महाविद्यालयांत शेक्सपीअर शिकवीत आहों. फॉल्स्टाफचा एखादा विनोद आम्ही इंग्रजींत उलगडून सांगितला, कीं विद्यार्थी तो आदरपूर्वक वहींत उतरून घेतात. तोच मराठींत सांगितला, कीं सारा वर्ग खदखदून हंसतो. पूर्वीं आम्हांस याची गंमत वाटे. जर्मन नटी थेरेझे गीझे यांचें चरित्र वाचल्यापासून मात्र त्याची थोडी बोच लागून राहिली आहे.

गीझेबाईंचा जन्म १८९८ सालीं म्युनिक येथें एका यहुदी कुटुंबांत झाला. रूप हेंच नटीचें भांडवल समजणाऱ्या व्यवसायांत तें भांडवल त्यांच्यापाशीं नव्हतें. त्यांची खरी मिळकत म्हणजे त्यांची वाणी. तिच्या बळावर त्यांनीं १९२६ पासून म्युनिकच्या प्रसिद्ध ‘कामरश्पीले’ नाटकगृहांत नांव कमावलें. १ जानेवारी १९३३ रोजीं एरिका मान व क्लाऊस मान या भावंडांसह त्यांनीं एक उपहासप्रधान रंगमंच उघडला. त्याचें नांव ‘मिरीचें जातें’. त्याच महिन्याच्या अखेरीस हिटलर सत्तेवर आला, आणि अल्पावधींतच हें जातें उचलून स्वित्झर्लंडला न्यावें लागलें.

देश गेला. १९३६ सालीं जॉन हॅम्पसन या इंग्रज कादंबरीकाराशीं केवळ कागदोपत्रीं विवाह करून बाईंनीं ब्रिटिश पारपत्र मिळविलें. पारपत्र असें मिळूं शकतें. भाषा मिळत नाहीं. १९३७ च्या आरंभीं ही मंडळी न्यूयॉर्कला गेली, तेथें खेळ इंग्रजींत केले, आणि ते साफ पडले. मिरी तीच होती, जातेंहि तेंच होतें. तिखटपणा मात्र भाषांतरांत उडून गेला. एरिका अमेरिकेंत राहिली. गीझेबाई झुरिकला परतल्या.

झुरिक परकें खरें, पण तेथल्या रंगभूमीची भाषा जर्मन होती. १९ एप्रिल १९४१ रोजीं ब्रेख्टच्या ‘मदर करेज’ नाटकाचा जगांतील पहिला प्रयोग तेथें झाला आणि युद्धावर पोट भरतां भरतां तीनहि मुलें गमावणारी ती आई गीझेबाईंनीं उभी केली. नाटककार स्वतः त्या वेळीं फिनलंडमध्यें निर्वासित होता! पुढें १९५० सालीं त्यानेंच म्युनिकमध्यें त्यांच्याकडून ती भूमिका करवून घेतली. ड्यूरेनमाटनें १९६२ चें आपलें ‘भौतिकशास्त्रज्ञ’ हें नाटक तर त्यांनाच अर्पण केलें.

चित्रपटांतहि त्यांनीं कामें केलीं. लुई मालच्या १९७४ च्या ‘लाकोंब ल्युसिएं’ या फ्रेंच चित्रपटांत त्या एक यहुदी आजी झाल्या आहेत. ही आजी फारशी बोलतच नाहीं. पत्त्यांचा डाव मांडून बसते आणि पाहते. परभाषेंत या वाणीच्या राणीला दिग्दर्शकानें मौन दिलें, यांत त्याची रसिकता दिसते. १९७५ च्या मार्चमध्यें त्या म्युनिकलाच निवर्तल्या.

ज्या देशानें हांकलून दिलें, त्याची भाषा बाईंनीं टाकली नाहीं. भाषा ही राज्यकर्त्यांची जहागीर नव्हे, हें त्या जाणून होत्या. आणि आम्ही? आम्हांस कोणी हद्दपार केलें नव्हतें. मराठी वर्गाच्या दाराशींच उभी होती. प्रतिष्ठेपायीं आम्हीच तिला आंत घेत नव्हतों. निवृत्तीस आतां थोडींच वर्षें उरलीं आहेत. येत्या सत्रांत फॉल्स्टाफ आधीं मराठींत बोलेल, असें आम्हीं ठरविलें आहे.