निवृत्तीचा हुकूम

नोकरदार मनुष्याचे एक सुख असे की, आपण केव्हा थांबावे याचा विचार त्यास करावा लागत नाही. तो सरकारने अगोदरच करून ठेवलेला असतो. आम्ही शिक्षकी पेशात होतो. अठ्ठावन्न वर्षे पुरी झाली, त्या महिन्याच्या अखेरीस शाल, श्रीफळ आणि दोन-तीन भाषणे झाली, आणि दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा आमच्यावाचून वाजली. आमचे डोळे, आवाज व स्मरण आदल्या दिवसाइतकेच शाबूत होते. परंतु नियम तो नियम. त्याविषयी आमची तक्रार नाही. उलट, ज्यांस असा हुकूम वरून येत नाही त्यांची स्थिती पाहिली म्हणजे त्या नियमाचे मोल आम्हांस अधिक कळते.

असा हुकूम ज्यांस येत नाही त्यांत धंदेवाईक टेनिसपटू अग्रभागी होत. टेनिस हा आमच्या पेण-रोह्याकडील खेळ नव्हे; इकडे मैदान म्हटले की कबड्डीचे. परंतु हल्ली जगातील सामने घरबसल्या दिसतात आणि नातवंडांच्या संगतीने आजोबांसही ते पाहावे लागतात. १ नोव्हेंबर २०२५ रोजी रोहन बोपण्णा यांनी आपली निवृत्ती जाहीर केली, तेव्हा आमचा नातू म्हणाला, "आजोबा, फारच म्हातारे झाले होते ते." त्यांचे वय पंचेचाळीस. आमच्या घरात त्या वयाच्या पुरुषास नुकता कर्ता समजू लागतात!

गुडघे झिजतात, आज दमलेले शरीर उद्या पूर्ववत होत नाही, आणि चेंडू दिसला तरी पाय तेथे वेळेवर पोहोचत नाहीत. पस्तिशीच्या आसपासच हे वार्धक्य या खेळाडूंस गाठते. मग कोणी बियाँ बोर्गप्रमाणे १९८३ साली सव्विसाव्या वर्षीच जगास रामराम करतो, तर कोणी केन रोझवॉलप्रमाणे १९७४ साली एकोणचाळिसाव्या वर्षी विम्बल्डन व अमेरिका या दोन्ही स्पर्धांच्या अंतिम सामन्यांपर्यंत धडकतो आणि दोन्हीकडे आपल्याहून सुमारे अठरा वर्षांनी लहान असलेल्या जिमी कॉनर्सकडून हरतो. यांपैकी शहाणा कोण, हे ठरविण्याचा अधिकार पाहणाऱ्यास आहे असे आम्हांस वाटत नाही.

येथे आम्हांस प्रा. दि. ब. देवधर यांची आठवण होते. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृत शिकवीत. १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांनी महाराष्ट्रास रणजी करंडक मिळवून दिला, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. पुढे १०१ वर्षांचे आयुष्य भोगून १९९३ साली ते निवर्तले. परंतु देवधरांची चूल खेळावर पेटत नव्हती. ती महाविद्यालयाच्या वेतनावर पेटत होती. धंदेवाईक खेळाडूचे तसे नाही. त्याच्या हातातील रॅकेट हेच त्याचे शेत आणि हीच त्याची पेढी. प्रवास, शिक्षक, मालिश करणारा, या सर्वांचा खर्च त्यातूनच निघावयाचा. 'मन भरले, आता पुरे' असे म्हणण्याची चैन त्यास परवडेलच असे नाही.

बोपण्णांचे उदाहरण आम्हांस मोलाचे वाटते ते याचसाठी. त्यांनी खेळ एका दिवसात टाकला नाही. तो टप्प्याटप्प्याने उतरवून ठेवला. प्रथम एकेरी सोडली व दुहेरी धरली. यात जे गणित आहे ते शाळामास्तरास सांगितल्यावाचून राहवत नाही. टेनिसच्या अंगणाची लांबी ७८ फूट. एकेरीत रुंदी २७ फूट, म्हणजे आपल्या बाजूचे १,०५३ चौरस फूट एकट्याने राखावे लागतात. दुहेरीत रुंदी ३६ फूट होते खरी. पण सोबती असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्यास ७०२ चौरस फूट येतात. म्हणजे बरोबर एक-तृतीयांश भार उतरला. हाताचे कसब, नजर व अनुभव यांस मात्र रजा मिळाली नाही.

तरीही वाट सोपी नव्हती. २०२१ च्या आरंभी पाच महिने एकही सामना जिंकता आला नाही, तेव्हा खेळ सोडण्याचा विचार आपण पत्नीस कळविला होता, असे त्यांनीच पुढे सांगितले. गुडघ्यांतील कूर्चा झिजून गेलेली होती. त्या दुखण्यावर त्यांस आधार मिळाला तो पुण्याचे कै. बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीच्या योगासनांचा. पुढे २०२२ साली पुण्याच्या बालेवाडीत रामकुमार रामनाथन यांच्यासह त्यांनी विजेतेपद मिळविले. आणि २७ जानेवारी २०२४ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मॅथ्यू एब्डेन यांच्या जोडीने ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकली. त्याच आठवड्यात ते दुहेरीत जगातील पहिल्या क्रमांकाचे खेळाडू झाले. इतक्या वयात त्या स्थानी पूर्वी कोणी पोहोचला नव्हता.

परंतु आम्हांस अधिक अर्थपूर्ण वाटते ती गोष्ट निराळी. हे यश येण्यापूर्वीच, सप्टेंबर २०२३ मध्ये लखनौ येथे, त्यांनी डेव्हिस चषकाची जागा तरुणांसाठी मोकळी केली होती. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकनंतर देशासाठी खेळणे थांबविले, आणि सर्वांत शेवटी रॅकेट खाली ठेवली. मधल्या काळात, ३० सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई खेळांत, आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसले यांच्यासह मिश्र दुहेरीचे सुवर्णपदकही मिळविले. पहिला डाव २-६ असा गेला होता; पुढचा ६-३ व निर्णायक १०-४ असा जिंकला. एक त्रेचाळीस वर्षांचे, दुसरी सत्तावीस वर्षांची. हरू लागल्यावर वडिलाने धीर सोडू नये आणि धाकट्याच्या वाट्याचा चेंडूही ओढून घेऊ नये, हे दोन्ही साधले तरच अशी जोडी जिंकते.

ही युक्ती आमच्या गावांस नवी नाही. पेणेस गणपतीच्या कारखान्यात जाऊन पाहावे. माती मळणे, साचे उचलणे ही अंगमेहनत तरुण करतात. पण मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करावयास मुरलेला हात लागतो. तिकडे रोह्याच्या कबड्डीत चढाईचा वेग ओसरलेला गडी कोपरा धरतो व पकडीत आपले कसब दाखवितो. सोडावयाचे काय आणि राखावयाचे काय, हे ओळखणे हीच खरी विद्या.

मनूने वानप्रस्थाची वेळ वर्षांत मोजलेली नाही. अंगावरील सुरकुत्या, पिकलेले केस आणि नातवाचे मुख एवढ्या खुणा सांगून तो थांबतो. त्या पाहून ओळखावयाचे ज्याचे त्याने. एकत्र कुटुंबातील वडीलधाऱ्यांची अडचण नेमकी हीच आहे. कपाटाच्या किल्ल्या, शेताचे कागद, लग्नकार्यातील शेवटचा शब्द, यांपासून निवृत्त होण्याचा हुकूम कोणतेही सरकार काढीत नाही. मुलगा मर्यादेपोटी बोलत नाही, सून तर नाहीच नाही. आणि त्यांच्या मौनास आपण संमती समजत राहतो. मग एके दिवशी आजारपण येऊन सर्व एकदम काढून घेते; देणाऱ्यास दिल्याचे समाधान नाही, घेणाऱ्यास शिकण्यास अवकाश नाही.

आमच्या घरी दोन वर्षांपासून भाद्रपदातील पूजेच्या पाटावर पुतण्या बसतो आणि आम्ही शेजारी पोथी घेऊन बसतो. त्याचे उच्चार अद्याप कोठे कोठे अडखळतात. पहिल्या वर्षी पाटावरून उठताना आम्हांस जड गेले, हे खरे. पण मंत्र सांगण्याचे काम आमच्याकडेच आहे आणि तेही थोडे नाही. औंदा हिशेबाची वहीही मुलाच्या हाती द्यावी, असे मनात आहे. किल्ल्यांचा विचार घरातील मंडळींशी बोलून व्हावयाचा आहे. तो आमचा एकट्याचा प्रश्न नव्हे.

टेनिसपटूचे एक भाग्य मात्र आम्हांस हेवा वाटावा असे आहे. त्याचे पहिले वार्धक्य चाळिशीतच येऊन जाते आणि पुढे निम्मे आयुष्य हाताशी राहते. दुसरे, सर्वांस येणारे वार्धक्य येईल, तेव्हा सोडण्याचा अभ्यास त्याने एकवार केलेला असेल. आपणांस तो अभ्यास प्रथमच आणि साठीनंतर करावा लागतो. तेव्हा तो लवकर आरंभिलेला बरा.