पचमढीचे पैसे

दिवाळी उलटली की मध्यप्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौसरच्या शाळांमध्ये सहलीचं बोलणं निघायचं, आणि सहल म्हणजे पचमढी हे जवळपास ठरलेलंच असायचं. आमच्या आजीच्या पिढीची पचमढी वेगळी होती. ती पिढी तिला मोठा महादेव म्हणायची. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढायचा, नाहीतर नागपंचमीच्या सुमाराला पावसात भिजत नागद्वारची वाट धरायची. आमच्या शाळेतल्या स्काउट-गाइडच्या मुलांना पचमढीची ओढ होती ती आणखी एका कारणानं. भारत स्काउट्स अँड गाइड्सचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र तिथे आहे. तंबू, शेकोटी, रात्रीची पहाऱ्याची पाळी, सगळं तिथे जाऊन करायचं होतं. अडायचं ते पैशापाशी.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीची ही गोष्ट. घरोघरी कापूस नाहीतर संत्रा. कापूस विकला जाईपर्यंत हातात रोकड नाही. संत्र्याची बाग व्यापाऱ्याला झाडावरच विकलेली, आणि सौद्याचा इसार आला की तो खतात, औषधात, जुन्या उधारीत जिरलेला. सहलीसाठी बापाकडे पैसे मागायला कोणाची जीभ रेटायची नाही. गुरुजींना हे ठाऊक होतं. त्यांनी वर्गात एकदाच सांगितलं, सहलीचे पैसे कोणी घरून आणायचे नाहीत. ज्याच्या बापाचं कापडाचं दुकान आहे त्यानंही नाही. पैसे कमवायचे, आणि सगळ्यांनी मिळून कमवायचे.

स्काउटमध्ये याला खरी कमाई म्हणतात. तिचा नियम साधा: वर्गणी मागायची नाही. समोरच्याच्या हातात काहीतरी ठेवायचं, किंवा त्याचं काहीतरी काम करून द्यायचं, मगच पैसा घ्यायचा. ही कल्पना चळवळीइतकीच जुनी. बेडन-पॉवेलनं 1908 साली स्काउटिंगचं पुस्तक लिहिलं, त्यातच वरची पायरी गाठू पाहणाऱ्या मुलाच्या नावावर बचत बँकेत काही पैसे असावेत अशी अट घातली होती. आम्हाला बेडन-पॉवेल फक्त भिंतीवरच्या फोटोतून माहीत. नियम मात्र अंगवळणी पडला होता.

विक्रीची सुरुवात दिवाळीच्याही आधी, श्रावणाच्या अखेरीला व्हायची. पोळ्याच्या पाडव्याला आमच्याकडे लहान मुलांचा तान्हा पोळा. लाकडाचा नाहीतर मातीचा बैल सजवून पोरं दारोदार जातात आणि घरोघरचे लोक बोजारा म्हणून चार पैसे हातावर ठेवतात. पांढुर्ण्यात तर त्याच दिवशी जाम नदीवर दगडफेकीची गोटमार, म्हणजे थोरांचं सगळं लक्ष नदीकडे. त्यामुळे बैल विकायचे ते पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात. कुंभाराकडून कच्च्या रंगाचे बैल आणायचे, चित्रकलेत हात असलेल्या पोरांनी शिंगं रंगवायची, झूल काढायची, कपाळावर टिकली द्यायची. बाकीच्यांनी विकायचे. ज्यांना बोजारा मागत हिंडायचं वय सरलं होतं तीच पोरं आता त्याच दारांवर बैल विकायला उभी राहायची. दारं ओळखीची, माणसं ओळखीची, म्हणून भीड कमी होती. मुलींचंही तसंच. भुलाबाईची गाणी म्हणत भाद्रपदापासून कोजागिरीपर्यंत त्या घरोघर जायच्याच. गाइडच्या मुलींनी त्याच घरांत दिवाळीच्या पणत्या आणि उटण्याच्या पुड्या विकल्या. कुठल्या घरात किती माणसं, कोणाला उटणं हवं, कोणाकडे यंदा सुतक आहे म्हणून जायचं नाही, हे मुलींना पाठ होतं.

पण खरा पैसा दिला तो संत्र्यानं. आंबिया बहाराची तोड सुरू झाली की मोठा माल व्यापाऱ्याच्या पेट्यांत जायचा. लहान फळ, ज्याला आमच्याकडे चुरी म्हणतात, त्याला फारसा भाव नसे. बागवान ती आम्हाला स्वस्तात द्यायचे. अट एकच, तोडीच्या दिवशी बागेत येऊन वेचायला मदत करायची. रविवारी सकाळी पोरं बागेत, दुपारी टोपल्या सायकलींवर, संध्याकाळी वस्तीत. चुरी दिसायला लहान, पण गोडीला कमी नसते, हे गिऱ्हाइकाला पटवणं आमचं काम. एक फळ फोडून हातावर ठेवायचं आणि गप्प राहायचं. ही युक्ती बागवानांनीच शिकवली होती.

"काय व पोट्ट्याहो, काय विकून रायले?"

"काकू, संत्रे. पचमढीले जाचं हाय."

"मंग महादेवाले माह्या नावानं बेल वाहजा."

असं म्हणून काकू सुट्टे पैसे परत घ्यायला नकार द्यायच्या. इथे गुरुजींचा नियम आडवा यायचा. जास्तीचा पैसा ठेवायचा तर जास्तीचं फळ द्यायचं. मग दारात उलटीच घासाघीस चाले. काकू म्हणायच्या ठेव, पोरगं म्हणायचं मग हे दोन घ्या. शेवटी दोन संत्री उंबऱ्यावर ठेवून पोरगं पळून यायचं.

स्टेशनापलीकडच्या रेल्वेच्या क्वार्टरांमध्ये मराठी चालायचं नाही. तिथे बंगाली, तेलुगू, भोजपुरी बोलणारी घरं. शाळेत हिंदी, घरी मराठी अशी आमची रीत, म्हणून पोरं दाराच्या पाटीवरचं नाव वाचून भाषा बदलायची. विक्रीच्या निमित्तानं गावाचा तो भाग आम्ही पहिल्यांदा आतून पाहिला. एरवी तिकडे जायचं कारणच नव्हतं.

शाळेच्या प्रयोगशाळेत फिनेल तयार व्हायचं, जुन्या रद्दीच्या पिशव्या करून किराणा दुकानांना द्यायच्या. त्यातून मिळायचं थोडंच. सौसरकडची पोरं उन्हाळी शिबिरासाठी हनुमान जयंतीला जामसावळीच्या यात्रेत लिंबू-सरबताचं दुकान मांडायची. चैत्रातलं ऊन आणि निजलेल्या मारुतीच्या दर्शनाची लांब रांग, यामुळे तिथे गिऱ्हाइकाची वाण नव्हती.

रोजचा जमाखर्च एका लांबट वहीत लिहिला जाई. तारीख, वस्तू, आलेला माल, विकलेला माल, उरलेला माल, रोकड. त्या वहीत कोणत्याच मुलाच्या नावापुढे आकडा नसायचा. मला आज त्या सगळ्या उद्योगातली सर्वांत शहाणी गोष्ट हीच वाटते. कोणी पाच टोपल्या विकल्या, कोणाची अर्धीही गेली नाही. बोलक्या पोराचा माल खपायचा, लाजऱ्याचा उरायचा. एक मुलगा दारात जाऊन उभाच राहायचा, तोंडातून शब्द फुटायचा नाही. त्याला मोजणीला बसवलं, आणि पूर्ण हंगामात वहीत एक पैशाचा घोळ झाला नाही. सहलीला निघताना सगळे सारख्या हक्कानं निघाले. कापडवाल्याचा मुलगा आणि शेतमजुराचा मुलगा एकाच पैशावर निघाले होते.

जायच्या वाटा दोन. पांढुर्ण्याची पोरं मोठ्या लाइनीवरून, मुलताई, आमला, बैतूल करत मरामझिरी-धाराखोहच्या घाटातून इटारसीला. तिथे गाडी बदलून पिपरिया, मग बसनं वर. सौसरच्या पोरांना छोटी गाडी. रामाकोना, भिमालगोंदी, उमरानाला असं करत ती सातपुड्याची चढण चढायची आणि छिंदवाड्याला सोडायची. पुढे तामिया, मटकुलीवरून बस. शाळेच्या शिक्क्याचा सवलतीचा फॉर्म असला की रेल्वेचं भाडं उतरायचं. तो फॉर्म गुरुजी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायचे.

परत आल्यावर काय व्हायचं ते आजच्या सहलीत होत नाही. बाजारात, दळणाच्या गिरणीवर, न्हाव्याच्या दुकानात माणसं थांबवून विचारायची, कशी होती रे पचमढी? धूपगडावर थंडी होती का? चौरागडाच्या पायऱ्या चढलात का? काकूंना बेल वाहिल्याचं सांगावं लागायचं, म्हणून तो खरोखर वाहावा लागायचा. ज्यानं चुरी घेतली, ज्यानं पोरीची पणती लावली, त्याचा त्या सहलीत वाटा होता आणि तो वाटा तो हक्कानं मागून घ्यायचा. गावानं आपल्याला पाठवलं आहे ही जाणीव बारा-तेरा वर्षांच्या मुलाला दुसऱ्या कोणत्या मार्गानं झाली असती, मला माहीत नाही.

हे सारं आमच्या भागात आभाळातून पडलेलं नव्हतं. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रांतात आम्ही होतो. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमचा विचार मांडला गेला. मुलांच्या हातच्या कामातून शाळेचा खर्च निघावा हा त्यातला सर्वांत वादाचा मुद्दा. त्याच सुमाराला रविशंकर शुक्लांनी याच प्रांतात विद्यामंदिर योजना आणली. दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर खेड्यातली शाळा चालावी, असा तिचा बेत. दोन्ही प्रयोगांचं पुढे काय झालं ते इतिहासात आहे. 1956 मध्ये प्रांत मोडला, नागपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेलं, छिंदवाडा जिल्ह्याबरोबर सौसर-पांढुर्णा मध्यप्रदेशात राहिलं. पण त्या काळात घडलेले शिक्षक पुढे कित्येक वर्षं वर्गात उभे होते. मुलाच्या कमाईकडे ते शिक्षण म्हणून पाहायचे. त्यात कमीपणा आहे असं त्यांना कधी वाटलं नाही.

आता पांढुर्णा जिल्हा झाला आहे. ऑक्टोबर 2023 पासून पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके मिळून स्वतंत्र जिल्हा. छोटी गाडी 2015 मध्ये बंद झाली आणि त्या वाटेनं आता मोठी लाइन धावते. सहल मात्र रेल्वेनं जातच नाही. ट्रॅव्हल्सची बस शाळेच्या फाटकापाशी येते. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना पडते: ठिकाण, रक्कम, शेवटची तारीख, आणि खाली क्यूआर कोड. संध्याकाळपर्यंत निम्म्या पालकांनी पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट टाकलेले असतात. सोय मोठी आहे, ती मी नाकारत नाही. हिशेब चोख राहतो आणि शिक्षकाला रोकड सांभाळावी लागत नाही. पण ज्या घरातून स्क्रीनशॉट येत नाही त्या घरातलं मूल वर्गात सांगतं, मला जायचंच नाही. सगळे ते मान्य करतात. मला ही गोष्ट सहन होत नाही. आमच्या वेळी गरिबी जास्त होती, पण सहलीच्या दिवशी वर्गात एकटं बसलेलं मूल नव्हतं.

खरी कमाई आजही होते. शाळेच्या मैदानात एक दिवस खाद्यपदार्थांचे स्टॉल लागतात. भेळ, पाणीपुरी, सँडविच, घरून आईनं करून दिलेले गुलाबजाम. मुलं हौसेनं टोप्या घालून उभी राहतात आणि दोन तासांत सगळं संपतं. गंमत येते, थोडा व्यवहारही कळतो. पण विकत घेणारी तीच मुलं आणि तेच पालक. पैसा एका पालकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातो, गाव फाटकाच्या बाहेरच राहतं. अनोळखी दार वाजवायचं, आतून "नको" ऐकायचं आणि पुढच्या दाराकडे चेहरा पाडून जायचं नाही, हे त्या मैदानात शिकायला मिळत नाही.

मुलांना पुन्हा दारोदार पाठवा, असं सरसकट म्हणणं मला जमणार नाही. नागपूर-भोपाळ रस्त्यावरची रहदारी मी रोज पाहतो. नव्या वसाहतींत शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. मुलीला एकटीला कोणाच्याही उंबऱ्यावर पाठवायला आई कचरली तर तिची काळजी खरी आहे. आम्ही फिरलो कारण प्रत्येक गल्लीत कोणाची तरी मावशी ओट्यावर बसलेली होती.

तरीही वाट आहे, आणि ती दुसऱ्यांनी जपलेली दिसते. अमेरिकेत गर्ल स्काउट मुलींनी 1917 साली ओक्लाहोमातल्या मस्कोगी गावी शाळेच्या कॅन्टीनमध्ये स्वतः भाजलेली बिस्किटं विकली. 1922 मध्ये त्यांच्या मासिकात पाककृती छापून आली. त्यात सहा-सात डझनांच्या सामानाला 26 ते 36 सेंट लागतील आणि डझनाला 25-30 सेंट भाव घ्यावा, असा हिशेबही दिला होता. आज ती बिस्किटं कारखान्यात होतात, आणि 2014 पासून मुली ती ऑनलाइनही विकतात. पण दुकानाबाहेर टेबल मांडून, मागे एखादी आई उभी करून, मुलगी अजूनही अनोळखी माणसाला बिस्किटं घ्या म्हणते. तिथे राहणाऱ्या आपल्या मराठी घरांतल्या मुलीही त्या टेबलामागे उभ्या असतात. साधन बदललं, मुलीचं तोंडानं मागणं त्यांनी सोडलं नाही.

आपल्याकडे तर माल दाराशी आहे. नोव्हेंबरात आंबियाची तोड होते. मोठ्या मालाचा भाव पडला की चुरीला कोणी विचारत नाही आणि ती बांधावर टाकली जाते. तीच वेचून, जाळीच्या पिशव्यांत भरून, शनिवारी जामसावळीच्या रस्त्यावर किंवा बसस्टँडसमोर शिक्षकांसह टेबल मांडता येईल. क्यूआर कोड तिथेही लावता येईल, फक्त तो शाळेच्या सहलीच्या खात्याचा असावा आणि त्यापुढे कोणत्याही मुलाचं नाव नसावं. नव्या जिल्ह्याच्या शाळांनी यंदाच्या हंगामात एवढं करून पाहावं, असं मी ओळखीच्या शिक्षकांना सांगत असतो. दोघा-तिघांनी बागवानांशी बोलणी सुरू केली आहेत. बागवानांची अट जुनीच आहे, तोडीच्या दिवशी पोरं वेचायला पाठवा.