बसमध्ये 'अम्मी' म्हणू नकोस

1993च्या जानेवारीत मामू मुंबईहून बीबीला आले. दंगलीत त्यांची खोली जळाली होती. मी तेव्हा तिसरीत होतो. दोन दिवसांनी आम्ही एसटीने लोणारला निघालो, तेव्हा मामूंनी मला बाजूला घेतलं. "बस में अम्मी मत बोल. आई बोल."

'आई' मला परका शब्द नव्हता. घरात दखनी, ओट्यावर आणि शाळेत मराठी, असंच आम्ही वाढलो. मित्राच्या आईला मी आईच म्हणायचो. पण त्या दिवशी तो शब्द लपण्यासाठी वापरायचा होता. लोणारपर्यंत मी अम्मीला हाकच मारली नाही.

श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात त्या दंगलीतल्या 900 मृत्यूंची नोंद आहे. त्यांत 575 मुसलमान, 275 हिंदू. बोलायला घाबरलेल्यांची नोंद कुठेच नसते.

मराठी बोला, म्हणजे कुणी त्रास देणार नाही, असा सल्ला आजही मिळतो. रवांडात हुतू आणि तुत्सी या दोघांचीही भाषा किन्यारवांडाच. तरी 1994 मध्ये शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. भाषा एक असली म्हणून जीव वाचतोच असं नाही.

आपण तर 1990 मध्येच सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरवलं होतं. मराठीवरचा तो हक्क प्रेमातून आला होता, भीतीतून नव्हे.

शेजारच्या अकोला जिल्ह्यात पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दूत नाव आहे. ते काढावं म्हणून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 15 एप्रिल 2025 रोजी न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि के. विनोद चंद्रन यांनी उर्दू राहू दिली. 2022चा कायदा मराठी बंधनकारक करतो, पण सोबत उर्दू लिहायला मनाई करत नाही. भाषा म्हणजे धर्म नव्हे, हेही न्यायालयाने सांगितलं.

मी मामूंना फोन करून निकाल सांगितला. ते म्हणाले, "बोर्ड रह गया, अच्छा हुआ. लेकिन बच्चे बस में क्या बोलते?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. जनगणनेत मातृभाषेच्या रकान्यात एकच नाव लिहिता येतं. मी तिथे मराठी लिहीन, कारण मी विचार मराठीत करतो. पण माझी मुलगी एसटीत तिच्या आईला मोठ्याने 'अम्मी' म्हणते, तेव्हा माझी नजर अजूनही आधी शेजारच्या सीटकडे जाते.