बिल्ल्याची मागची बाजू

बिल्ला हातात आला की मी तो आधी उलटा करतो. पुढचा मुकुट, वाद्य, फितीवरची अक्षरं, सगळं नंतर. मागे कड्या झाळलेल्या आहेत की टोपीच्या पट्टीत सरकवायची चपटी पट्टी आहे, झाळ जुनी आहे की कालची, पुढच्या नक्षीचे खळगे मागे तितकेच रेखीव उमटलेत की पाठ भरीव आणि बारीक छिद्रांची आहे, हे पाहिलं की ओळख पटवायचं निम्मं काम होतं. ठशात दाबून काढलेला बिल्ला आणि साच्यात ओतलेली नक्कल यांतला फरक पाठीवर लपत नाही.

नाशिकला बसून ब्रिटिश फौजेतल्या आयरिश घोडदळाचे बिल्ले कुठून पाहायला मिळतात, असं लोक विचारतात. उत्तर देवळालीत आहे. १८६०च्या दशकापासून तिथे लष्कराची छावणी होती. मुंबईला जहाजातून उतरलेले गोरे सैनिक घाट चढून देवळालीला यायचे आणि तिथून हिंदुस्थानभर पांगायचे. मुदत संपलेले परतीच्या बोटीची वाट पाहत तिथेच थांबायचे. त्यामुळे एकाच पलटणीचं नव्हे, अनेक पलटणींचं किडूकमिडूक या भागात राहिलं. आजही गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात, भद्रकालीतल्या जुन्या सामानात, देवळालीतल्या एखाद्या बंगल्याच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत एखादा तुकडा निघतो. बहुतेक तोफखान्याचे असतात. क्वचित त्यावर हार्प हे तंतुवाद्य असतं.

हार्प दिसलं म्हणजे आयर्लंड, इथवर कुणीही पोचतं. खरं काम त्यापुढे आहे. हार्पवर मुकुट आणि फितीवर किंग्ज रॉयल आयरिश हुसार्स असेल तर ती आठवी पलटण. गोल पट्ट्याच्या आत ५चा आकडा आणि मागे फुलीसारखे दोन भाले असतील तर पाचवे रॉयल आयरिश लान्सर्स. चौथ्या ड्रॅगून गार्ड्सच्या बिल्ल्यावर सेंट पॅट्रिकचा तारा येतो आणि त्यावर रोमन आकड्यांत १७८३. तो आकडा वाचून अनेक जण बिल्लाच त्या सालचा ठरवतात. १७८३ हे सेंट पॅट्रिकच्या सन्मानश्रेणीच्या स्थापनेचं साल आहे. सहाव्या इनिस्किलिंग ड्रॅगूनच्या बिल्ल्यावर तर हार्प नाहीच, किल्ला आहे. आपल्याकडे तो पाहून हटकून एखाद्या गडाचं नाव घेतलं जातं.

आठव्या हुसार्सचा बिल्ला समोर आला की मला जास्त जपून बोलावं लागतं. ही पलटण आपल्या इतिहासात दोनदा येते. १ नोव्हेंबर १८०३ला लासवारीत ती शिंद्यांच्या फौजेवर चालून गेली आणि तिथे तिचा कर्नल व्हँडलर पडला. तेव्हा ती लाइट ड्रॅगून होती. दुसऱ्यांदा जून १८५८मध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय इथे. त्या लढाईत राणी लक्ष्मीबाई पडली. या पलटणीच्या चौघांना त्या दिवसासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांत जॉर्ज हॉलिस हा नालबंद होता.

त्यामुळे हा बिल्ला विकणारा हळू आवाजात सांगतो, “काका, राणीच्या लढाईतला आहे.” सांगणारा बहुधा खोटारडा नसतो, त्यालाही कुणीतरी तसंच सांगितलेलं असतं. पण वरचा मुकुट पाहा. १९०१ ते १९५३ या काळातल्या बिल्ल्यांवर राजाचा मुकुट आहे. त्याच्या कमानी बाहेरून गोलसर फुगत वर जातात. व्हिक्टोरियाच्या मुकुटाच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या असतात. शिवाय टोपीवर धातूचा बिल्ला लावायची पद्धत ब्रिटिश फौजेत पसरली ती १८९०च्या दशकात. १८५८च्या स्वाराकडे हा बिल्ला असणंच शक्य नाही. आठवे हुसार्स पहिल्या महायुद्धाच्या आधी हिंदुस्थानात होते आणि १९१४ मध्ये इथूनच फ्रान्सच्या आघाडीवर गेले. राजाच्या मुकुटाचा बिल्ला इथे सापडला तर तो याच मुक्कामातला असण्याची शक्यता अधिक. हे मी दर वेळी ठामपणे सांगतो. राणीचं नाव घेऊन पितळेचा भाव चढवणं मला सहन होत नाही.

झीजही वाचावी लागते. वर्षानुवर्षं घासलेल्या बिल्ल्यावर हार्पच्या दांडीवरल्या पंखवाल्या बाईचं नाक-तोंड गुळगुळीत होतं, पण तारांमधल्या फटी धारदार राहतात. ओतीव नकलेत सगळंच सारखं बोथट असतं. म्हणून विकणाऱ्यांना माझी एकच विनवणी असते, चिंच लावू नका. पूजेची भांडी चिंचेने उजळतात. बिल्ल्यावरची पुरावा ठरणारी काळिमा मात्र त्यातच जाते.

घोड्याच्या साजाचं काम याहून अवघड, आणि मला अधिक प्रिय. लगामाच्या कडियाळ्याला दोन्ही बाजूंनी बसवायच्या पितळी चकत्या बाजारात टोपीचे बिल्ले म्हणून विकल्या जातात. त्या फुगीर असतात आणि काठाला जोडणीसाठी कान किंवा भोकं असतात. खोगिराच्या लोखंडी कमानीवर सरकारी बाणाचा शिक्का शोधावा. बाणासोबत इंग्रजी आय असेल तर माल हिंदुस्थान सरकारचा.

पण देशी रिसाल्याच्या साजावर पुष्कळदा काहीच नसतं. त्याचं कारण आपल्या घरचं आहे. मराठ्यांच्या फौजेत बारगिराला घोडा सरकार देई, शिलेदार आपला घोडा आणि साज घेऊन येई. हीच शिलेदारी इंग्रजांनी हिंदी रिसाल्यांत उचलली आणि पहिल्या महायुद्धानंतरच मोडली. दुसऱ्या बाजीरावाशी जून १८१७मध्ये झालेल्या तहातून उभं राहिलेलं पूना हॉर्सही याच वळणाचं. साज स्वाराच्या आणि रिसाल्याच्या पैशातून यायचा, म्हणून त्यावर सरकारी शिक्का नाही.

अशी दुमची किंवा तंग आला की मी टाके बघतो, हाताचे की यंत्राचे. तंगाच्या बकलाची घासण कोणत्या भोकावर आहे ते बघतो, त्यावरून घोड्याच्या पोटाचा घेर कळतो. मागून वाढवलेलं भोक आरीने पाडलेलं असतं, कडा ओबडधोबड. वस्तूसोबत द्यायच्या ओळखपत्रात एवढंच लिहितो: देशी काम, शिलेदारी काळ संभवतो, रिसाला ठरवता येत नाही, एक भोक स्वाराने स्वतः पाडलेलं असावं. विकणारा कधीकधी नाराज होतो, नाव नाही म्हणजे गिऱ्हाईक नाही असं म्हणतो. मी नाव घालत नाही.